पाऊण टनी की एक टनी? अमेरिकन हेवी ड्यूटी पिकअपची चॅसी, पाटे आणि दारावरचं स्टिकर

डेंटनवासी

नमस्कार मंडळी,

इथे गाड्यांवर धागे पुष्कळ आहेत, पण अमेरिकेतल्या मोठ्या पिकअपवर काही सापडलं नाही, म्हणून नवीन काढतोय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. सौ. आणि मी फिफ्थ व्हील कॅम्पर घ्यायचं नक्की केलंय. मागे बंपरखाली अडकवायचा तो नव्हे. पिकअपच्या हौद्यात कपलिंग बसवून त्यावर ज्याचं नाक टेकतं तो. रिकामं वजन १०,५०० पौंड, भरून कमाल १३,०००. ओढायला फोर्डची ६.७ लिटर डिझेल, क्रू कॅब, फोर बाय फोर घ्यायचा विचार आहे.

एफ-२५० (पाऊण टनी) आणि एफ-३५० (एक टनी) शेजारी शेजारी उभ्या होत्या, दोन्हींना मागे एकेकच चाक. गुडघ्यावर बसून खाली डोकावलो, मला तरी सगळं सारखंच दिसलं. विक्रेता म्हणाला, "इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, बॅजचा काय तो फरक. काहीही ओढेल." नेटवर मात्र दर दुसरा माणूस ठासून सांगतो की ३५०ची चॅसी जाड असते. किमतीत फार फरक नाही. मग नेमका फरक आहे कशात? आणि रॅम किंवा शेव्हीच्या (शेव्हरोलेच्या) बाबतीतही असंच असतं का?

मागे चार चाकांची नको आहे. फ्रिस्कोच्या हनुमान मंदिरात शनिवारी पार्किंग मिळवायचं असतं आम्हाला.

---

एक_सामान्य_वाचक

विषयातलं ओ की ठो कळत नाही, पण धागा वाचतोय. खुर्ची टाकून बसलो आहे.

---

पाटेवाला

डेंटनवासी, चांगला विषय. मी आधी पुण्यात आणि आता मिशिगनमध्ये याच खात्यात आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर सांगा.

"३५०ची चॅसी जाड" हे ऐकीव आहे. एकाच वर्षाची, एकाच लांबीची, मागे एकेक चाक असलेली एफ-२५० आणि एफ-३५० घेतली तर चॅसीचा सांगाडा तोच असतो. तुमचे डोळे बरोबर होते. मोठा बदल झाला तो पिढी बदलताना. २०१६ पर्यंतच्या सुपर ड्यूटीत (फोर्डच्या याच २५०-३५० मालिकेत) मागच्या बाजूचे लाँग मेंबर, म्हणजे चॅसीच्या दोन लांब तुळया, उघड्या सी-चॅनलचे (इंग्रजी सी आकाराचे) होते. २०१७ला बॉडी ॲल्युमिनियमची झाली आणि पिकअपची चॅसी पुढून मागपर्यंत बंद पेटीची, जास्त ताकदीच्या पोलादाची आली. म्हणजे २०१५ची एफ-३५० आणि २०१८ची एफ-२५० समोरासमोर ठेवली, तर पिळाला जास्त ताठ चॅसी "लहान" गाडीची निघेल.

उघडं आणि बंद यात एवढं काय, असं कोणी विचारेल. पुठ्ठ्याची नळी दोन्ही हातांनी पिळून बघा. मग तीच उभी चिरा आणि परत पिळा. पुठ्ठा तेवढाच, जाडी तेवढीच, पण चिरलेली नळी हातात फिरते. लाँग मेंबरचं तसंच आहे: वरून येणाऱ्या भाराला सी-चॅनल चांगलाच टिकतो, पिळाला मात्र बंद पेटी कित्येक पटींनी ताठ. जुनी सुपर ड्यूटी तिरक्या चढावर एक चाक वर घेऊन उभी केली, की कॅब आणि हौदा एकमेकांच्या मानाने तिरके झालेले डोळ्यांना दिसायचे. त्यात बिघाड काही नसायचा, चॅसी पिळून वाट देत असायची.

मग २५० आणि ३५०त वेगळं काय? मागचे पाटे (लीफ स्प्रिंग), पाटा आणि एक्सल यांच्यामधला ठोकळा, काही वेळा एक्सल, टायर आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कागदावरचा आकडा. जेवण करून येतो, मग पाट्यांवर लिहितो.

---

एक_सामान्य_वाचक

काका, त्याआधी एक बाळबोध शंका. पाऊण टनी, एक टनी म्हणजे काय? तेवढंच वजन उचलतात?

---

निशिगंधा_को

पाटेवाला येईपर्यंत मी सांगते. (आम्ही कोलोराडोत. रॅम ३५०० आणि फिफ्थ व्हील, दोन्ही आहेत.)

ती नावं फार जुनी. एके काळी अर्धा टन, पाऊण टन, एक टन माल घेणाऱ्या गाड्यांना ती पडली आणि चिकटली. आजची एक टनी दोन टनांच्या घरात माल सहज घेते. सरकार बघतं ते गाडी आणि माल मिळून कमाल किती वजन, तो आकडा. ८,५०१ ते १०,००० पौंड म्हणजे वर्ग २ब, १०,००१ ते १४,००० म्हणजे वर्ग ३. त्यापुढे १६,००० पर्यंत वर्ग ४ आणि १९,५०० पर्यंत वर्ग ५. पाऊण टनी गाड्या ढोबळमानाने २ब मध्ये आणि एक टनी ३ मध्ये.

ढोबळमानाने असं मुद्दाम म्हणाले. हल्लीची शेव्हीची डिझेल सिल्व्हरॅडो २५००एचडी ११,००० पौंडांच्या वर जाते, म्हणजे नाव २५०० आणि वर्ग ३. बॅज बघून वर्ग ठरवायला जाऊ नका.

तुम्हा भारतातल्यांसाठी: १०,००० पौंड म्हणजे ४,५३६ किलो. आपल्याकडे मालवाहू गाड्यांची पहिली पायरी साडेतीन टनांना संपते, त्यामुळे ही "पाऊण टनी" तिकडे सरळ वरच्या पायरीवर गेली असती.

---

पाटेवाला

निशिगंधाताई, उत्तम. त्यातला १०,०००चा आकडा लक्षात ठेवा, त्यावर परत येतो.

आता पाटे. दोन्ही फोर्डना मागे पाट्यांचीच जुडी आहे. गाडी रिकामी असताना फक्त वरचे मुख्य पाटे काम करतात. भार आला की जुडी खाली बसते आणि जादा भाराचा जाड पाटा कामाला लागतो. हा दोन तऱ्हांनी बसवतात. एक तर जुडीच्या तळाला, जवळजवळ सपाट. किंवा जुडीच्या वर, ज्याची टोकं भार वाढल्यावर चॅसीवरच्या रबरी ठोकळ्यांना जाऊन टेकतात. एफ-२५०लाही कॅम्पर पॅकेजमध्ये असे पाटे मिळतात, त्यामुळे नुसतं "२५० आहे म्हणजे पाटे कमी" असंही समजू नका. वाकायचं, बॅटरीचा उजेड टाकायचा आणि मोजायचे.

दुसरी खूण म्हणजे ठोकळा. पाट्यांची जुडी एक्सलवर थेट बसत नाही, मध्ये बिडाचा ठोकळा असतो आणि दोन यू-बोल्ट सगळं आवळून धरतात. ३५०चा ठोकळा उंच, त्यामुळे रिकामी ३५० मागून उचललेली दिसते. भार टाकला की सपाट होते. पार्किंगमध्ये लांबून ओळखायची ही सोपी रीत. उंच ठोकळ्याचा एक तोटा असा, की जोरात उचल घेताना एक्सल स्वतःभोवती फिरू पाहतो आणि ठोकळा जितका उंच तितका त्याला पाटे मुरडायला जोर मिळतो. कंपनीने दिलेल्या उंचीत काळजी नको. बाजारातून ठोकळ्यावर ठोकळा चढवणारे महाभाग असतात, त्यांच्यापासून लांब राहा.

एक्सल: एफ-२५०ला साधारणपणे फोर्डचा स्वतःचा, साडेदहा इंची क्राऊनचा (एक्सलमधल्या मोठ्या दातेरी चक्राचा). २०१७नंतर जास्त ओढण्याच्या पॅकेजसह घेतली तर डाना कंपनीचा २७५ मिलिमीटर क्राऊनचा एक्सल येतो आणि एक टनीतही तोच असतो. मागे चार चाकं असलेल्या गाडीला ३०० मिलिमीटरचा. म्हणजे नीट पॅकेज घेतलेली एफ-२५० आणि एकेक चाकाची एफ-३५० यांत चॅसी तीच, एक्सल तोच, ब्रेक तेच असंही होऊ शकतं. तुमचा विक्रेता अगदीच थापा मारत नव्हता. "काहीही ओढेल" ही मात्र थाप.

---

डेंटनवासी

वाः! पण मग दोन गाड्या कशाला विकतात? आणि मी २५० घेऊन मागे हवेच्या बॅगा बसवल्या तर? इथे एकजण म्हणाला, बॅगा टाकल्या की झाली ३५०.

---

इचलकरंजीकर

नमस्कार. आमचा मालवाहतुकीचा धंदा. पाटेवाला हा आयडी बघून वाटलं, कोणीतरी पाटे घालून देणारा मिस्त्री इथे आला की काय!

आमच्याकडे हेच चालतं. नवीन पिकअप शोरूममधून निघाली की थेट पाटेवाल्याकडे. तो मागे एकेक जादा पाटा घालतो, यू-बोल्ट लांब टाकतो, आणि दीड टनाची गाडी अडीच-तीन टन सूत घेऊन घाट चढते. वरून दिसते एकदम ताठ. वर्ष-दीड वर्षाने मागच्या हँगरजवळ (पाट्याचं टोक चॅसीला अडकतं तिथे) चॅसीला चीर पडते, मग वेल्डिंगवाला. चीर वेल्ड केली की सहा महिन्यांनी वेल्डच्या शेजारी नवीन चीर. हे चक्र मी इतक्या गाड्यांना बघितलंय की आता माझ्या गाड्यांना पाटे वाढवायचे बंद केले.

अवांतर: मागे चार चाकांचं एवढं काय अप्रूप? आमची टाटा ४०७ १९८६ पासून मागे चार टायरवरच पळते.

---

पाटेवाला

इचलकरंजीकर, दंडवत. डेंटनवासींच्या बॅगांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुम्हीच दिलंत.

पाटा वाढवला किंवा हवेची बॅग टाकली की गाडी बसत नाही, एवढंच होतं. टायर तेच, बेअरिंग तेच, ब्रेक तेच, चॅसी तीच. शिवाय बॅग चॅसीला एका छोट्या जागी ढकलते. पाटा दोन टोकांच्या हँगरमधून भार वाटून देतो. बॅगेचा भार जिथे येतो ती जागा चॅसी आखताना त्या कामासाठी धरलेली नसते. गाडी सपाट दिसते आणि माणसाला वाटतं, मावलं. बॅगांना माझा विरोध नाही, नेमानं बसणाऱ्या भारात गाडी समतल ठेवायला त्या छान. दारावरचा आकडा मात्र त्यांनी एक पौंडानेही वाढत नाही.

चिरेबद्दल: लाँग मेंबरच्या उभ्या भिंतीत भोक चालतं, वरच्या आणि खालच्या पट्टीत नाही. सगळा ताण त्या पट्ट्यांत असतो. आणि हल्लीच्या जास्त ताकदीच्या पोलादाला वेल्डिंगची आच लागली, की लगतच्या पट्ट्यात त्याची ताकद उतरते. तुमची नवीन चीर वेल्डच्या शेजारीच का येते ते आलं लक्षात? फिफ्थ व्हीलचं कपलिंग बसवतानाही हेच. कंपनीने हौद्याखाली दिलेल्या तयार जागा असतील तर त्याच वापरा, कोणालाही चॅसीवर वेल्डिंग करू देऊ नका.

आता "दोन गाड्या कशाला विकतात". याचं उत्तर बरंचसं त्या १०,००० पौंडांत आहे. आंतरराज्य धंद्यात वापरायची गाडी १०,००१ पौंडांची झाली की केंद्राच्या वाहतूक खात्याचा नंबर आणि त्यासोबतचे नियम मागे लागतात. टेक्ससमध्ये नोंदणीची फीही १०,०००च्या वर पुढच्या गटात जाते. म्हणून गिऱ्हाइकालाच ९,९०० किंवा १०,०००चा आकडा हवा असतो. गाडी जास्त पेलू शकत असली तरी कंपनी दारावर १०,०००च छापते. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा कितीतरी जड, ते त्याच १०,०००मधून वजा होतं. त्यामुळे डिझेल एफ-२५० पेट्रोलवालीपेक्षा कमी माल घेते, आणि हे ऐकून लोक वेड्यात काढतात! (हल्ली काही पॅकेजमध्ये एफ-२५०सुद्धा १०,०००च्या वर मिळते. दार उघडून बघा.)

---

निशिगंधा_को

डेंटनवासी, तुम्ही दोन्ही गाड्यांच्या दारातलं स्टिकर वाचलंत का? ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर, टायरच्या हवेच्या आकड्यांसोबत. "माणसं आणि सामान मिळून याच्या वर नको" असं लिहिलेलं असतं. माहितीपत्रकात जो आकडा येतो तो सगळ्यांत हलक्या मॉडेलचा. तुमच्या गाडीचं सनरूफ, मोठी चाकं, पायऱ्या सगळं वजा होऊन स्टिकरवर येतं.

---

डेंटनवासी

आज परत जाऊन फोटो काढले. एफ-२५०: २,२४० पौंड. एफ-३५०: ३,६०० पौंड. इतका फरक असेल असं वाटलं नव्हतं.

---

निशिगंधा_को

मग हिशेब करून टाकू.

फिफ्थ व्हीलच्या वजनातला साधारण १५ ते २५ टक्के भाग पिनवर (कॅम्परच्या नाकाखालची, कपलिंगमध्ये बसणारी खुंटी) येतो. भरलेल्या १३,०००चे २० टक्के धरा: २,६००. (रिकाम्या वजनावर हिशेब करू नका. पाणी, गॅस, भांडी, कुकर, पिठाचे डबे भरल्यावर रिकामा कॅम्पर कुठेच उरत नाही.) तुम्ही दोघं ३३०. कपलिंग १८०. हत्यारं आणि किरकोळ सामान १५०. झाले ३,२६०.

एफ-२५० हजार पौंडांनी बाहेर. एफ-३५०त ३४० शिल्लक. नातवंडं आली की तेही गेले!

---

पाटेवाला

+१. यात एक बारकावा आहे, कारण तुम्हाला नक्की कोणीतरी सांगेल, "मी २५०वर याहून मोठा ओढतो, काही होत नाही." पिनचा भार जवळजवळ सगळा मागच्या एक्सलवर येतो. रिकाम्या डिझेलचा मागचा एक्सल ३,१००-३,२०० पौंडांवर असतो. त्यात २,६०० आणि कपलिंग मिळवलं की ६,००० होतात. एवढं २५०चा मागचा एक्सल पेलू शकतो. म्हणून काही होत नाही. ओलांडला जातो तो गाडीचा एकूण आकडा, आणि तो कसा छापला जातो ते वर आलंच आहे. मी तरीही स्टिकर पाळतो. ब्रेक, चढावरची उष्णता, टायर या सगळ्याची चाचणी त्या आकड्याला झालेली असते.

टायरचं गणितही बघा, हे सहसा कोणी सांगत नाही. १८ इंची चाकाचा २७५/७० मापाचा ई दर्जाचा टायर ८० पीएसआय हवेला कमाल ३,६३८ पौंड घेतो. दोन टायर म्हणजे ७,२७६. मागे एकेक चाक असलेल्या गाडीत चॅसी कितीही दणकट करा, पाटे कितीही घाला, त्या मापाच्या टायरवर मागच्या एक्सलचा आकडा याच्या पुढे जाऊ शकत नाही. त्यातून गाडीचे स्वतःचे ३,१००-३,२०० गेले की हौद्यावर राहिले ४,००० च्या आसपास. त्यापुढे जायचं तर मागे चार टायर हवेतच. ४०७लाही त्याचसाठी आहेत.

---

बर्फातला_बंड्या

मिनेसोटातून रामराम. पुढच्या सस्पेन्शनबद्दल कोणीच बोलत नाहीये, म्हणून लिहितो. माझ्याकडे शेव्ही २५००एचडी आहे, हिवाळ्यात पुढे बर्फाचं फाळकं लावून गल्ल्या साफ करतो.

फोर्ड आणि रॅमच्या फोर बाय फोरला पुढे अखंड एक्सल आणि कॉईल स्प्रिंग. (फोर्डला २००४ पर्यंत पुढेही पाटेच होते, बसली की दणके असे की दात हलायचे.) शेव्ही-जीएमसीला पुढे दोन्ही चाकं स्वतंत्र आणि स्प्रिंगच्या जागी टॉर्शन बार, म्हणजे चॅसीला समांतर धावणारा लांब पोलादी दांडा, जो पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करतो. महामार्गावर शेव्हीचं सुकाणू शांत. एक चाक खड्ड्यात गेलं तर दुसऱ्याला खबर नसते.

फाळकं पुढे लोंबकळत असल्यामुळे त्याच्या वजनापेक्षा जास्त भार पुढच्या एक्सलवर येतो आणि मागचा हलका होतो. म्हणून हौद्याच्या मागच्या टोकाला वाळूच्या गोण्या टाकतो. टॉर्शन बारचा बोल्ट आवळून पुढची उंची वाढवता येते, पण लोक दिसण्यासाठी नको इतका आवळतात. मग अर्धे एक्सल कायम तिरक्या कोनात फिरतात, सांध्यांवरचे रबरी बूट फाटतात, सांधे जातात आणि शिव्या कंपनीला.

---

निशिगंधा_को

अखंड एक्सलची दुसरी बाजू. आमच्या आधीच्या गाडीला (नाव घेत नाही, जुनी होती) पुढे अखंड एक्सल होता. पुलाच्या जोडावरून साठच्या वेगात गेलो आणि सुकाणू एकदम दोन्हीकडे थडथड हलायला लागलं. थोडं थरथरणं नव्हे, आरशात मागचं दिसेना. घट्ट धरून, हळूहळू वेग चाळीसच्या खाली आणल्यावर थांबलं. इथे त्याला डेथ वॉबल म्हणतात. मिस्त्रीने एका माणसाला सुकाणू इकडून तिकडे हलवायला बसवलं आणि स्वतः खाली झोपला. एक्सलला आडवं सांभाळणारा जो दांडा असतो, त्याचा बुश इतका झिजला होता की बोल्ट भोकात टकटक वाजत होता.

दांडा बदलला, गेलं. बरेच लोक नुसता सुकाणूचा डँपर नवा टाकतात. थरथर काही दिवस दबते आणि परत येते.

---

डेंटनवासी

रॅमचं राहिलं. २५००ला मागे पाटेच नाहीत असं दिसलं. बरोबर?

---

पाटेवाला

बरोबर, आणि वर्गावर्गात सस्पेन्शनचा खरा फरक दिसतो तो रॅममध्येच.

२०१४ पासून रॅम २५००ला मागे कॉईल स्प्रिंग आहे. पाटा दोन कामं करतो: भार घेतो आणि एक्सलला जागेवर धरून ठेवतो. कॉईल फक्त भार घेते. म्हणून एक्सलला धरायला चार उभे आणि एक आडवा असे पाच दांडे द्यावे लागतात. जास्त सांधे, जास्त बुश. बदल्यात रिकामी गाडी इतकी छान चालते की पाऊण टनी वाटत नाही. पाटे एकमेकांवर घासतात, कॉईलला ती घासाघीस नाही, त्यामुळे बारीक खाचखळगे ती गिळून टाकते. ३५००ला मात्र पाटेच ठेवले, हवे असतील तर मदतीला कंपनीच्याच हवेच्या बॅगा. चॅसीत मागच्या टोकाला हँगर आणि कॉईलच्या बैठका वेगळ्या, बाकी नातं जवळचं.

माझं मत विचाराल तर: आठवड्यातून सहा दिवस रिकामी फिरून सातव्या दिवशी बोट ओढणाऱ्याने रॅम २५०० डोळे झाकून घ्यावी. वर्षभर पिनचा भार घेऊन हिंडणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

चॅसीच वेगळी असलेली गाडी बघायची असेल तर हौदा नसलेली कॅब-चॅसी बघा. तिचे लाँग मेंबर कॅबच्या मागे सरळ रेषेत, एकमेकांपासून ३४ इंचांवर जातात, म्हणजे टिपर, क्रेन, रुग्णवाहिकेचा डबा, काहीही प्रमाण मापात बसतं. आणि फोर्डने तिथे मागे सी-चॅनलच ठेवलाय, २०१७नंतरसुद्धा! बॉडी बांधणाऱ्याला बोल्ट मारायला उघडी भिंत लागते. एफ-४५० पिकअप हा मधला प्राणी: हौदा पिकअपचा, पुढचा रुंद एक्सल कॅब-चॅसीकडून घेतलेला आणि १९.५ इंची ट्रकची चाकं. रुंद एक्सलमुळे चाकं जास्त वळतात, म्हणून एवढं धूड एफ-३५०पेक्षा कमी जागेत वळतं.

---

ह्यूस्टनचा_हरी

चार चाकांवाली घेत नाही म्हणालात ते आणखी एका कारणाने बरं. टेक्ससमध्ये गाडी आणि कॅम्पर यांचे छापील कमाल आकडे मिळून २६,००० पौंडांच्या वर गेले आणि कॅम्पर १०,०००च्या वर असला, तर साधं क वर्गाचं लायसन्स चालत नाही, बिगरव्यावसायिक अ वर्ग लागतो. १४,०००ची ड्युअली (मागे चार चाकांची) आणि तुमचा १३,०००चा कॅम्पर म्हणजे २७,०००. परीक्षा द्यावी लागली असती. साडेअकरा हजारांची एफ-३५० धरली तर २४,५००, आहे त्या लायसन्सवर काम होतं.

---

एक_सामान्य_वाचक

धागा वाचनखूण म्हणून साठवला. ॲव्हरेज किती देते, एवढं सांगा म्हणजे झोपतो.

---

बर्फातला_बंड्या

ते स्टिकरवर शोधू नका, नसतं. ८,५०० पौंडांच्या वरच्या गाड्यांना काचेवर मायलेजचं सरकारी लेबल लावावंच लागत नाही. कॅम्पर मागे असताना मीटरकडे बघू नये, एवढं सांगतो.

---

डेंटनवासी

सर्वांचे आभार. एफ-३५०, एकेक चाक, ८ फुटी हौदा असं ठरलं. पाटे मोजले, वरचा जादा पाटा आहे. एकच अडलंय. पाटेवाला म्हणाले तसं मागचा भाग उंच आहे, त्यात या नव्या गाड्यांच्या हौद्याच्या भिंतीही उंच. कॅम्परचं नाक वर राहील असं वाटतं. मागचा ठोकळा काढून २५०चा लहान टाकला तर?

---

पाटेवाला

ठोकळ्याला हात लावू नका. भार आला की मागचा भाग बसणारच आहे. आधीच खाली आणलात तर भरल्यावर पुढचे दिवे आभाळ बघतील. शाफ्टचा कोनही बदलेल.

कॅम्परच्या बाजूने जुळवा. पिनच्या पेटीला वर-खाली करायला बोल्टची भोकं असतात, कपलिंगलाही दोन-तीन उंच्या मिळतात. हौद्याची भिंत आणि कॅम्परचा तळ यांच्यात साडेपाच ते सहा इंच मोकळे राहिले पाहिजेत, नाहीतर पेट्रोल पंपाच्या उतारावरून तिरकं बाहेर पडताना कोपरा भिंतीवर बसतो. एवढं करूनही नाक वरच राहिलं, तर कॅम्परचेच एक्सल पाट्याच्या खालून-वरून बदलून किंवा हँगर उंच करून तो वर घेता येतो. ते काम कॅम्पर विकणाऱ्याकडून, आधी पैसे ठरवून.

गाडी जोडून, पाणी भरून ट्रक स्टॉपवरच्या कॅट काट्यावर घ्या. पुढचा एक्सल, मागचा एक्सल आणि कॅम्पर असे तीन आकडे वेगळे मिळतात. नंतर कॅम्पर सोडून नुसती गाडी परत घाला, म्हणजे पिनचा भार खरा किती ते कळेल.

---

डेंटनवासी

ठीक. कॅम्पर पुढच्या महिन्यात ताब्यात येईल. काट्याच्या दोन्ही पावत्यांचे फोटो इथेच टाकतो.

---

निशिगंधा_को

टाका. आणि काट्यावर जाताना सौ.ना गाडीतच बसू द्या, त्यांचंही वजन धरलंय आपण!